दुसरी किक सोडू नका

शंभर मीटर बटरफ्लायची शर्यत काठावरून पाहत असाल, तर उडीपेक्षा शेवटच्या पंचवीस मीटरकडे लक्ष द्या. पहिल्या पन्नास मीटरमध्ये सगळेच बरे दिसतात. पुढे दम लागतो, पाय मंदावतात आणि कंबर खाली जाते. कंबर खाली गेली की हात बाहेर काढणं जड होतं, मग पोहणारा मान वर ताणून हात कसेबसे ओढून काढतो. एक हात आधी सुटतो, दुसरा मागून येतो. काहींचे हात तर पाण्याखालूनच पुढे सरकतात. भिंत आली की आधी एक तळवा टेकतो आणि मग दुसरा. स्ट्रोक पाहणाऱ्या पंचाची नोंद होते ती नेमकी अशा वेळी. खांद्याच्या आतल्या लहान स्नायूंवर झेपणार नाही इतकं ओझं पडतं तेही अशाच वेळी.

म्हणून बटरफ्लाय शिकणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असतं की नियमासाठी एक पोहणं आणि खांद्यासाठी दुसरं, अशी वाटणी करू नका. दोन्हींचा आधार एकच आहे: हात पाण्याबाहेर निघताना मारायची दुसरी किक. ती टिकली की हात आपोआप एकत्र आणि पाण्यावरून पुढे येतात. ती सुटली की नियम मोडतो आणि खांदाही बिघडतो.

हा लेख फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक नीट येणाऱ्या आणि आता फ्लायकडे वळलेल्या माणसांसाठी आहे. चाळिशी उलटल्यावर मास्टर्स स्पर्धांत उतरणाऱ्यांसाठी आहे, आणि मुलांना सरावाला सोडून तासभर काठावर बसणाऱ्या आईवडिलांसाठीही.

नियम नेमका काय मागतो

बटरफ्लाय हा ब्रेस्टस्ट्रोकमधून फुटलेला प्रकार आहे. १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकच्या तेव्हाच्या नियमात हात पाण्यावरून पुढे आणायला मनाई नव्हती, आणि काही जणांनी त्याचा फायदा घेतला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा पोहणारा जॅक सीग यांनी दोन्ही पाय एकत्र हलवण्याची डॉल्फिन किक त्याला जोडली. १९५२ मध्ये दोन प्रकार अधिकृतपणे वेगळे झाले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत झाली. हा इतिहास सांगायचं कारण असं की आजचे पुष्कळ नियम या दोन प्रकारांमधली सीमा राखण्यासाठीच आहेत.

आपल्याकडच्या स्पर्धा वर्ल्ड अक्वॅटिक्स, म्हणजे पूर्वीची फिना, या संघटनेच्या नियमांवर चालतात. बटरफ्लायचे नियम मोजके आहेत. दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे यायला हवेत आणि एकाच वेळी पाण्याखालून मागे जायला हवेत. पायांची वरखाली हालचाल एकत्र हवी. दोन्ही पाय अगदी एका पातळीत नसले तरी चालतं, पण फ्रीस्टाइलसारखे आलटून पालटून मारता येत नाहीत. ब्रेस्टस्ट्रोकची किकही चालत नाही. उडीनंतरच्या आणि प्रत्येक टर्ननंतरच्या पहिल्या स्ट्रोकपासून शरीर छातीवर हवं. पाण्याखाली कुशीवर वळून किक मारायची मुभा आहे, पाठीवर वळायची नाही. फक्त टर्नमध्ये, भिंतीला हात लागल्यानंतर, कसंही वळा. मात्र भिंत सोडताना पुन्हा छातीवरच असायला हवं.

प्रत्येक टर्नला आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, आणि तेही एकमेकांपासून सुटे. एकावर एक ठेवलेले हात चालत नाहीत. हातांची उंची समान असण्याची अट मात्र नाही. एक हात पाण्याच्या पातळीवर आणि दुसरा थोडा खाली लागला तरी, वेळ एकच असेल तर तो स्पर्श वैध आहे. ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. एका खांद्याची उचल कमी असलेल्या माणसाला ती फार उपयोगाची आहे.

उडीनंतर आणि टर्ननंतर पाण्याखाली हव्या तितक्या डॉल्फिन किक मारता येतात, पण हातांचा पुल, म्हणजे पाणी मागे ओढणं, एकच, आणि त्या पुलने तुम्ही पृष्ठभागावर आलं पाहिजे. भिंतीपासून १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर दिसलं पाहिजे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रशियाच्या डेनिस पांक्रातोवने लांबच लांब अंतर पाण्याखालून कापत दोन सुवर्णपदकं जिंकली. १९९८ मध्ये बटरफ्लायला ही १५ मीटरची मर्यादा आली.

आणखी दोन गोष्टी गावोगावच्या स्पर्धांत वारंवार नडतात. फ्रीस्टाइलमध्ये दमून तळाला पाय टेकवून उभं राहिलं तरी माणूस बाद होत नाही, चाललं तर होतो. ही सवलत बटरफ्लायला नाही. त्यामुळे उथळ तलावात दमलेल्या मुलाने मध्येच उभं राहून पुन्हा पोहायला सुरुवात केली, तर ती शर्यत गेली असं समजा. दुसरी गोष्ट म्हणजे, बटरफ्लायच्या शर्यतीत खांदा दुखू लागला म्हणून उरलेलं अंतर फ्रीस्टाइलने काढता येत नाही. उलटं मात्र चालतं. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कोणताही प्रकार पोहायची परवानगी असते, त्यामुळे नवशिक्यांना स्पर्धेत काही स्ट्रोक फ्लाय पोहून पाहायची ती एक सुरक्षित जागा आहे.

२५ वर्षांवरच्या मास्टर्स गटांसाठी नियम थोडा उदार आहे, आणि इथेच बऱ्याच प्रौढांचं काम सोपं होतं. मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. प्रत्येक पुलला एकच किक, एवढी अट आहे. टर्नच्या किंवा शेवटच्या भिंतीआधी पुल न करता अशी एक किक मारता येते, तसंच उडीनंतर आणि टर्ननंतर पहिल्या पुलच्या आधीही एक. ज्यांचा पाठीचा कणा ताठरला आहे आणि डॉल्फिन किकची लाट कमरेतून निघतच नाही, त्यांनी दोन अर्धवट डॉल्फिन किक मारत खांद्यांवर सगळा भार घेण्यापेक्षा एक खणखणीत ब्रेस्टस्ट्रोक किक मारावी. ती हात बाहेर निघण्याच्या वेळी आली तर छाती वर उचलण्याचं काम पाय करतात. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र हा मार्ग नाही. मास्टर्समध्ये उडी न मारता पाण्यातून भिंत ढकलूनही सुरुवात करता येते. डोक्यावर हात ताणून पाण्यावर आदळण्याची ज्याच्या खांद्याला भीती वाटते, त्याने ही मुभा निःसंकोच घ्यावी. स्थानिक स्पर्धेचं परिपत्रक मास्टर्स म्हणत असलं तरी हे नियम तिथे लागू आहेत ना, हे सकाळच्या वॉर्म-अपच्या वेळी मुख्य पंचांना विचारून घ्या.

खांद्यात काय घडतं

खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा आहे. हे फिरणं त्याला मिळतं ते स्थिरता गमावून. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि तो ज्या खळग्यात बसतो तो खळगा बशीसारखा उथळ. माथा तिथे धरून ठेवायचं काम मुख्यतः रोटेटर कफ म्हणून ओळखले जाणारे चार लहान स्नायू करतात. खळगा ज्या हाडावर आहे तो फरा, म्हणजे पाठीमागचं चपटं हाड, तो बरगड्यांवर सरकत असतो. हात वर जाताना फरासुद्धा वर वळला पाहिजे. तो वळला नाही तर फऱ्याच्या वरच्या टोकाखालची अरुंद जागा आणखी अरुंद होते आणि तिथून जाणारा स्नायूबंध दर स्ट्रोकला घासतो किंवा दाबला जातो. १९७४ मध्ये केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी पोहणाऱ्यांच्या या दुखण्यावर लिहिलं, तेव्हापासून 'स्विमर्स शोल्डर' हा शब्द रुळला.

फ्रीस्टाइलमध्ये धड कुशीवर वळतं, त्यामुळे हात बाहेर काढून पुढे आणताना खांद्याला जागा मिळते. बटरफ्लायमध्ये ती सोय नाही. शरीर छातीवरच ठेवायचं, दोन्ही हात एकदम बाजूने फिरवून पुढे आणायचे. जागा मिळवायचा एकच मार्ग उरतो: छाती पाण्याच्या वर उचलली जाणं. आणि छाती उचलते ती किक आणि पुलचा शेवटचा भाग मिळून. खांद्याने खांदा उचलायला गेलं तर मानेचे स्नायू आवळतात, फरा कानाकडे सरकतो आणि जागा उलट कमी होते. दुसरी किक इतकी महत्त्वाची का, याचं हे उत्तर आहे.

पाण्यात हात, छाती आणि पाय

हात पाण्यात कुठे शिरतात इथून सुरुवात करू. खांद्यांच्या रेषेत, किंवा किंचित बाहेर. डोक्यासमोर हात एकमेकांजवळ आणून टाकणारे लोक पुष्कळ दिसतात, कारण त्यांना 'लांब' पोहायचं असतं. अशा वेळी दंड कानाला चिकटतो आणि खांद्यातली जागा सर्वांत कमी असते त्या स्थितीत पाण्याचा धक्का बसतो. अंगठा खाली करून हात खुपसणंही टाळा, त्याने दंडाचं हाड आतल्या बाजूला पिळलं जातं. बोटांची टोकं आधी, तळवा जवळजवळ खाली तोंड करून, हलकेच. हात आपटल्याचा आवाज येत असेल तर तो खांद्यापर्यंत पोहोचतो आहे असं समजा.

हात शिरले की छाती थोडी खाली दाबायची असते. नवशिक्यांना 'छाती दाबा' म्हटलं की ते डोळे मिटून तळाकडे झेपावतात. हात पृष्ठभागाजवळ आणि छाती खोल, अशी कमान झाली की दंड डोक्याच्या मागे ढकलला जातो. सैल सांध्याच्या किशोरवयीन मुलींमध्ये आणि मुलांमध्ये ही कमान फार सहज होते, दिसायलाही सुंदर दिसते, म्हणून कोणी टोकत नाही. माझ्या मते फ्लायमध्ये खांद्याची खराबी करणारी ही सर्वांत दुर्लक्षित चूक आहे. हात पाण्याखाली वीतभर राहू द्या, छातीही त्याच्या आसपास. लाट कमरेतून जाणवली पाहिजे.

पुलमध्ये कोपर वर आणि हात खाली. सरळ ताठ हाताने पाणी खाली दाबलं की लांब तरफेचं सगळं वजन खांद्यावर येतं, शिवाय शरीर पुढे जाण्याऐवजी वर उसळतं. कोपर वाकवून तळवा आणि पुढचा हात मिळून पाणी मागे ढकला. हात फार बाहेर पसरू नका. पूर्वी किल्लीच्या छिद्राच्या आकाराचा पुल शिकवत असत, अलीकडे बरेच प्रशिक्षक जास्त सरळ मार्ग शिकवतात, आणि खांद्यासाठी तेच बरं आहे.

आता खरी जागा. हात कमरेपर्यंत आले की दुसरी किक. पहिली किक हात पाण्यात शिरताना, दुसरी हात बाहेर निघताना. हा मेळ बसत नसेल तर पोहण्याआधी काठावर उभं राहून हातांनी आणि गुडघ्यांनी तो करून पाहा. पहिली किक जवळजवळ सगळेच मारतात, कारण हात आपटले की पाय आपोआप खाली जातात. दुसरी मारावी लागते. दमल्यावर जाते ती दुसरीच.

हात मांडीपर्यंत पूर्ण मागे ढकलून मग वर उचलायचा हट्ट धरू नका. कमरेच्या बाजूला, करंगळी आधी, हात बाहेर सोडा. उशिरा सुटलेला हात पाण्यातच अडकतो, आणि तो पुढे येण्याआधीच छाती खाली जायला लागलेली असते. मग तो पाण्याखालूनच घसटत पुढे येतो. पंचाला हेच दिसतं. हवेत हात सैल, पाण्याजवळून, बाजूने. अंगठा पुढे, तळवा पाण्याकडे. तळवा मागे वळवून, अंगठा खाली ठेवून हात फिरवला तर दंड पिळलेला राहतो. हात आकाशाकडे उंच नेण्याची गरज नाही. पाण्याला न लागता गेले की पुरे.

श्वासाचा क्रम सांगायला सोपा आणि साधायला अवघड आहे. तोंड हातांच्या आधी बाहेर येतं आणि हातांच्या आधी परत आत जातं. हात डोक्याच्या पुढे जात असताना चेहरा पाण्यात असला पाहिजे. हनुवटी पाण्याला लागून, नजर पुढच्या मीटरभर पाण्यावर. समोरच्या भिंतीकडे पाहायला मान उचलली की कंबर बुडालीच. पन्नास मीटरला दोन स्ट्रोकमागे एक श्वास ठीक आहे. त्याहून लांब अंतराला दर स्ट्रोकला घ्या, कोणी कमी लेखत नाही. बाजूला मान वळवून श्वास घेणं नियमात बसतं, कारण शरीर छातीवर असलं की पुरे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय जिंकणारा अमेरिकेचा मेल्विन स्टुअर्ट बाजूने श्वास घेत असे. मानेच्या मागे ताण येणाऱ्या मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांनी हे करून पाहावं, फक्त मानेबरोबर खांदा कलत नाही ना, हे कोणाला तरी काठावरून पाहायला सांगा. खांदा कलला की हात मागेपुढे होतात.

भिंतीजवळ

भिंत जवळ आली आणि स्ट्रोक अर्धवट उरला, तर बहुतेक जण एक आखूड, घाईचा स्ट्रोक मारतात. तो दमलेल्या खांद्यावर येतो आणि एक हात आधी लागण्याचा धोकाही वाढवतो. त्याऐवजी हात पुढे ताणून एक-दोन किक मारत भिंत गाठा. डॉल्फिन किक कितीही मारायला बंदी नाही. यासाठी आपल्याला एका लांबीत किती स्ट्रोक लागतात हे पाठ हवं, आणि ते दमलेल्या अवस्थेतलं पाठ हवं, ताज्या अवस्थेतलं नव्हे. २५ मीटरच्या तलावात सराव करून बालेवाडीच्या किंवा दादरच्या ५० मीटरच्या तलावात शर्यतीला जाणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. आदल्या दिवशी किंवा वॉर्म-अपमध्ये संपूर्ण एक लांबी मोजून पोहा.

भिंतीला हात लावताना कोपर ताठ ठेवू नका. पूर्ण वेगात ताठ हातावर आदळलं की धक्का थेट सांध्यात जातो. कोपर किंचित सैल, दोन्ही तळवे, गुडघे लगेच पोटाशी. मग एक हात पाण्यातून कमरेजवळून मागे, दुसरा कोपर वाकवून कानाजवळून. हा दुसरा हात मोठ्या फेकीने सरळ ताणून आणायची सवय मोडा, तिथेही खांदा दुखावतो.

टर्ननंतर फार खोलातून पहिला पुल मारू नका. एकच पुल मिळतो, आणि खोलीत तो वाया गेला तर तुम्ही अजून पाण्याखालीच असता. मग दुसरा पुल पाण्याखाली झाला की बाद. उथळ राहा, डोक्यावरचं पाणी पातळ झालं की पुल सुरू करा. आणि टर्ननंतरच्या पहिल्या दोन किककडे लक्ष द्या. फ्रीस्टाइलच्या सवयीने पाय आलटून पालटून हलतात ते तिथेच, आणि वळण पाहणारा पंच नेमका वरून पाहत असतो.

सराव कसा आखावा

लांबच लांब फ्लाय पोहून फ्लाय सुधारतो ही समजूत अजून आपल्या तलावांवर टिकून आहे. मोडलेल्या स्ट्रोकने ४०० मीटर पोहणाऱ्या मुलाच्या अंगात मोडलेलाच स्ट्रोक मुरतो. २५ मीटरचे तुकडे घ्या, मध्ये भरपूर विश्रांती घ्या, आणि ज्या तुकड्यात दुसरी किक गेली तिथे त्या दिवसाचा फ्लाय थांबवा. उरलेला सराव फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकने पूर्ण करा. बॅकस्ट्रोक मुद्दाम ठेवा, पुढे आवळणाऱ्या छातीच्या स्नायूंना तो उलट दिशेने काम देतो.

माझा सर्वांत आवडता ड्रिल म्हणजे तीन उजव्या हाताचे स्ट्रोक, तीन डाव्या हाताचे आणि मग तीन पूर्ण. एका हाताच्या वेळी दुसरा हात पुढे ताणलेला किंवा, खांदा कुरकुरत असेल तर, मांडीजवळ. बाजूने श्वास घ्या, किक दोनच ठेवा. एका हाताने पोहताना धड किंचित वळतं, खांद्याला जागा मिळते, आणि किकचा ताल मात्र पूर्ण फ्लायचाच राहतो. शर्यतीत अर्थातच हे चालत नाही.

किकचा सराव बोर्ड धरून करू नका. पुढे ताणलेल्या हातांनी बोर्ड दाबत वरखाली होणं म्हणजे खांदा नेमक्या अडचणीच्या स्थितीत ठेवून शेकडो वेळा धक्के देणं. हात मांडीशी ठेवून छातीवर, किंवा पाठीवर वळून डॉल्फिन किक मारा. तोंडासमोर येणारा स्नॉर्केल मिळाला तर उत्तम. आखूड फिन्सनी दुसरी किक कशी लागते ते पहिल्यांदा कळतं, त्यामुळे शिकताना त्या जरूर वापरा, शर्यतीत त्यांना परवानगी नाही. हाताचे पॅडल फ्लायसाठी मला मान्य नाहीत. मांड्यांमध्ये पुलबॉय धरून फ्लाय पोहायला सांगणाऱ्या प्रशिक्षकाला नम्रपणे विचारा की पाय बांधून हा प्रकार कोणाच्या जिवावर पोहायचा.

पाण्याबाहेर आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं पुरतात. लवचीक रबरी पट्टा दाराला बांधा, कोपर कमरेशी चिकटवून पुढचा हात बाहेर फिरवा. पट्टा ओढून फरे मागे एकत्र आणा. जोर काढण्याच्या स्थितीत कोपर न वाकवता फक्त फरे पसरून पाठ वर न्या आणि परत खाली सोडा, हा व्यायाम फऱ्याला बरगड्यांवर धरून ठेवणाऱ्या स्नायूसाठी आहे आणि बहुतेकांचा तोच कच्चा असतो. प्रत्येकाच्या पंधरा-पंधराच्या दोन फेऱ्या, हलक्या पट्ट्याने. टॉवेलची जाड गुंडाळी पाठीच्या वरच्या भागाखाली आडवी ठेवून त्यावर मागे झुका. दिवसभर मोबाइल आणि संगणकापुढे वाकलेली पाठ उघडल्याशिवाय हात डोक्यावर सरळ जात नाहीत, मग ती कमी खांद्यातून भरून काढली जाते.

एक प्रथा मात्र बंद व्हायला हवी. सरावाआधी मुलांचे दोन्ही हात सोबत्याने मागून धरायचे आणि जोरात एकमेकांकडे ओढायचे. पोहणाऱ्या मुलांचे खांदे आधीच सैल असतात. त्यांना पुढची बाजू आणखी ताणायची गरज नसते, मागची ताकद वाढवायची असते. कोणी असं ताणताना दिसलं तर काठावरून उठून सांगा.

मुलांबद्दल आणखी एक. फ्लाय चांगला दिसणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला लगेच २०० मीटरच्या शर्यतीत उतरवायचा मोह पालकांना होतो, कारण तिथे स्पर्धक कमी आणि पदक सोपं. त्या वयात ५० मीटर नीट पोहणं पुरेसं आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ५० मीटर बटरफ्लायही तिथे असणार आहे, तेव्हा हे अंतर छोटं म्हणून कमी लेखायचं कारण उरलेलं नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलं ते ५० मीटर बटरफ्लायमध्येच. त्याआधी पोहण्यातलं भारताचं आशियाई पदक होतं १९८६ मधलं, खजानसिंग यांचं, आणि तेही बटरफ्लायचंच, २०० मीटरचं.

दुखलं तर

दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा पाठीच्या पंखांत दुसऱ्या दिवशी येणारा जडपणा हा थकवा आहे, दोन दिवसांत जातो. खांद्याच्या पुढच्या किंवा वरच्या टोकाला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, हात बाजूने उचलताना मधल्या टप्प्यात येणारी कळ, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, कपाटातली वस्तू काढताना हात गळाल्यासारखा होणं, ही वेगळी लक्षणं आहेत. त्यातलं एक जरी आठवडाभर टिकलं तर फ्लाय बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा खेळाडूंवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठा. बोटांना मुंग्या येत असतील तर मूळ मानेत असू शकतं. टोकियो ऑलिंपिकसाठी थेट पात्रतावेळ गाठणारे पहिले भारतीय पोहणारे, केरळचे साजन प्रकाश, २०० मीटर बटरफ्लायचेच. त्यांना त्याआधी मानेतल्या चकतीच्या दुखापतीतून सावरावं लागलं होतं, आणि तिचा परिणाम खांद्यापर्यंत गेला होता. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हात हळूहळू सगळ्याच दिशांना कमी फिरू लागला, तर तो पोहण्याचा दोष मानून अंगावर काढू नका.

वेदनाशामक गोळी घेऊन पाण्यात उतरणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. गोळी कळ थांबवते आणि तुम्ही ज्या सूचनेवर थांबला असता ती सूचनाच नाहीशी होते. खांद्यावर रंगीत चिकटपट्ट्या लावून शर्यतीला येणाऱ्यांनी नियमही लक्षात ठेवावा: परवानगीशिवाय अंगावर कोणतीही पट्टी लावून पोहता येत नाही. पट्टी गरजेची असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शर्यतीआधी मुख्य पंचांकडे जा.

परत येतानाचा क्रम असा ठेवा. आधी हात मांडीशी ठेवून फक्त डॉल्फिन किक. मग फ्रीस्टाइल, वेदनेशिवाय सलग हजार मीटर होईपर्यंत. त्यानंतर एका हाताचा फ्लाय, चांगल्या खांद्याने सुरुवात करून. मग दोन हातांचे चार स्ट्रोक आणि उरलेली लांबी फ्रीस्टाइल. प्रत्येक पायरीवर किमान आठवडा द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात डोक्यावर नेताना कळ आली तर एक पायरी मागे या. पूर्ण २५ मीटर फ्लाय शेवटी येतो. तो पोहताना काठावर कोणाला तरी उभं करा आणि एकच गोष्ट पाहायला सांगा: हात बाहेर येताना टाचा पृष्ठभाग मोडतात का. मोडत नसतील तर अजून आठवडाभर फिन्स घाला.